तालुक्याच्या गावात टॉकीज चालेल का? बंद पडलेली एक चालवायला घ्यायची आहे

माणदेशी

नमस्कार मंडळी. विटा, आटपाडी, म्हसवड या पट्ट्यातलं आमचं तालुक्याचं गाव. नाव आत्ता देत नाही, कारण जागेची बोलणी चालू आहेत आणि बातमी फुटली की भाव चढतो. गावाची वस्ती तीसेक हजार, आजूबाजूची खेडी धरून तालुका दोन लाखांच्या आसपास.

गावात एकच टॉकीज होती. ६४० खुर्च्या, खाली स्टॉल, वर बाल्कनी, तिकिटाला बायकांची वेगळी खिडकी. २०१२ च्या दिवाळीनंतर ती बंद पडली. मालक आता हयात नाहीत, मुलं पुण्याला असतात आणि त्यांना इमारत पाडून गाळे काढायचे आहेत. थोरले मात्र मला म्हणाले, "तू खरंच चालवणार असशील तर दहा वर्षांच्या करारानं देतो. पण मार्चच्या आत काय ते सांग." माझा फ्लेक्स छपाईचा धंदा आहे. सोबत दोन मित्र, एक इलेक्ट्रिकची कामं घेतो, दुसऱ्याचं बसस्टँडसमोर हॉटेल आहे. तिघांचे मिळून पंचवीस लाख उभे राहतात. बाकी कर्ज.

हे डोक्यात कसं आलं ते सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' लागला तेव्हा आमच्या एका गल्लीतून तीन गाड्या भरून माणसं ५५ किलोमीटरवरच्या मल्टिप्लेक्सला गेली. आमच्या घरचे पाच जण गेलो. तिकिटं हजाराची, गाडीचं डिझेल आठशे, पोरांचं खाणं सहाशे. रात्री दीडला घरी पोचलो. आई पंधरा वर्षांनी थिएटरात बसली होती. परत येताना ती एवढंच म्हणाली, "आपल्या गावात असतं तर मी चालत गेले असते." तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

भीती वाटत नाही असं नाही. सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, घरोघरी मोठे टीव्ही आले आहेत. मायेपोटी घेतलेला निर्णय तिघांची घरं बुडवू नये, म्हणून विचारतोय. ज्यांनी हा धंदा जवळून पाहिलाय त्यांनी स्पष्ट सांगा.

परखड

स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. घेऊ नका.

माझ्या सख्ख्या चुलतभावानं २०१८ साली मराठवाड्यातल्या एका तालुक्याला बंद टॉकीज घेऊन चालू केली. खुर्च्या नव्या, एसी नवा, सगळं कर्जावर. दीड वर्ष कसंबसं बरोबरीत चाललं. मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांची परवानगी मिळाली, पण लावायला नवीन पिक्चर नव्हतं. एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद, ते २२ ऑक्टोबरपर्यंत. बँकेचा हप्ता त्या काळातही जमा होत होता. शेवटी दोन एकर विकून मोकळा झाला.

कोविड पुन्हा येणार नाही असं धरू. तरी वर्षाला बावन्न शुक्रवार असतात आणि गावाला घराबाहेर काढणारी पिक्चरं त्यातली आठ-दहा. उरलेल्या चाळीस आठवड्यांत पंखे कुणासाठी फिरवायचे? 'छावा'च्या गर्दीवर जाऊ नका. यात्रेतली गर्दी बघून कुणी बारमाही हॉटेल काढत नाही.

रीळवाला

मी सांगली जिल्ह्यातल्याच एका टॉकीजला २३ वर्षं ऑपरेटर होतो. परखड यांचं दुःख मी समजू शकतो, पण गावातल्या टॉकीज प्रेक्षक संपला म्हणून बंद पडल्या असं जे सगळे धरून चालतात, ते मला पटत नाही. मी केबिनच्या भोकातून रोज माणसं मोजायचो.

आमच्या वेळी पिक्चर पेटीतून यायचं. पत्र्याची पेटी, आत रिळं. एस.टी.च्या टपावरून पेटी उतरली की पोरं स्टँडपासून मागे धावत यायची. एक रीळ दोन हजार फुटांचं, वीस-बावीस मिनिटं चालायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका आला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्यांदा ठिपका आला की इकडचं झाकून तिकडचं उघडायचं. तेवढा एक क्षण चुकला तर सगळा स्टॉल शिट्ट्या मारायचा. कार्बनच्या कांड्यांचा उजेड. एका खेळात किती जळतात याचा हिशेब पाठ असायचा.

पण ती पेटी आमच्याकडे यायची कधी? आधी पुणे, कोल्हापूर, सांगली. मग मिरज, इचलकरंजी. त्यानंतर तालुका. तिसरा-चौथा आठवडा उजाडायचा. प्रिंट ओरखडलेली, मधली दोन-चार गाणी कुणीतरी कापून ठेवलेली. तोवर गावात केबलवाल्यानं त्याच पिक्चरची चोरीची सीडी लावलेली असायची. शिळं अन्न, तेही पैसे मोजून, कोण खाईल? टॉकीज मेली ती या उशिरानं.

२००५ नंतर उपग्रहावरून पिक्चर पाठवायची सोय आली. यूएफओ, क्यूब ही नावं तेव्हाच कानावर आली. त्या दिवसापासून मुंबईला आणि म्हसवडला एकाच शुक्रवारी तेच पिक्चर, तितकंच स्वच्छ लागू शकतं. पण हे झालं तेव्हा बहुतेक मालकांनी आशा सोडली होती. खुर्च्यांचे स्प्रिंग वर आलेले, छताला कबुतरं. आमच्या मालकांनी मशीन बसवलं, पण संडास दुरुस्त केले नाहीत.

ज्या आजारानं जुनी टॉकीज गेली त्यावर औषध आलंय. तुम्ही दुसऱ्या आजाराचा विचार करा.

गौरीची आई

रीळवाला काकांनी संडासाचा विषय काढला, बरं केलं.

मी कवठेमहांकाळ भागातली. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला आणि आमच्या बचत गटाच्या बावीस जणींनी मिनीबस ठरवली. नऊवारी नेसून, गॉगल लावून गेलो होतो. आमच्यातल्या सहा जणी आयुष्यात पहिल्यांदा थिएटरात शिरल्या. सहा! त्यांच्या लहानपणी आमच्या गावात टॉकीज नव्हती असं नाही. होती, अगदी चालू होती. पण घरून सोडायचे नाहीत, आणि जे सोडायचे त्यांच्या बायका एकदा जाऊन आल्या की पुन्हा नको म्हणायच्या.

कारण सांगते. आमच्या टॉकीजला लेडीजचं बाथरूम नावापुरतं होतं. आत जुन्या पोस्टरचे गठ्ठे आणि चुन्याच्या गोण्या ठेवलेल्या, दाराला कडी नाही. एक जण बाहेर दार धरून उभी राहायची. इंटरव्हलला पुरुष सगळे तिथेच समोर बिड्या ओढत उभे. तीन तास पाणी न पिता बसायचं. मग बाई कशाला येईल? आणि बाई नाही आली की घर येत नाही, येतात ती फक्त मोकळी पोरं. पोरांना आवडतील तशी पिक्चरं मग मालक लावणार. त्या पोस्टरांमुळे उरलेली घरंही यायची थांबणार. माझ्या डोळ्यांसमोर झालंय हे.

माणदेशी दादा, तुम्ही पैसे कशावरही कमी खर्च करा, पण यावर करू नका. पडदा चार फूट लहान चालेल. बाथरूम स्वच्छ हवं, त्यात दिवा हवा, कडी हवी, नळाला पाणी हवं, आणि ते पुरुषांच्या बाथरूमच्या शेजारी नको. दुसरं, दुपारी बाराचा खेळ बायकांच्या सोयीचा ठेवा. पोरं शाळेत, स्वयंपाक आवरलेला, चार वाजता घरी. नऊच्या खेळाला आम्ही एकट्या येणार नाही, पण बाराच्या खेळाला गल्लीच्या गल्ली येऊ.

खानापूरकर

गौरीची आई, शब्द न शब्द खरा.

हिशेबनीस

मी कर सल्लागार आहे, एका छोट्या थिएटरची वही माझ्याकडे आहे. आकडे माझ्या अंदाजाचे, तुमच्या गावच्या भावानं बदलून घ्या.

आधी तिकीट. करमणूक शुल्क होतं तेव्हा आपल्याकडे ४५ टक्क्यांपर्यंत जायचे. जुलै २०१७ ला जीएसटी आला. आज परिस्थिती अशी की १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के (२२ सप्टेंबर २०२५ पासून, त्याआधी १२ होते) आणि १०० च्या वर १८ टक्के. याचा अर्थ नीट बघा. कर धरून १०० चं तिकीट लावलं तर हातात ९५ रुपये २४ पैसे. वितरकाचा वाटा निम्मा धरला तर तुमचे ४७ रुपये ६० पैसे. तेच तिकीट १२० चं केलंत तर कर जाऊन १०१ रुपये ७० पैसे, तुमचे ५० रुपये ८५ पैसे. गिऱ्हाइकाच्या खिशातून वीस रुपये जास्त काढलेत आणि तुमच्या गल्ल्यात सव्वातीन आले. तालुक्याच्या गावात तिकीट शंभरच्या वर नेऊच नका. सरकारनं दिलेली ही एकच सवलत छोट्या टॉकीजच्या खरोखर कामाची आहे.

आता खर्च. ६४० खुर्च्या विसरा. १२० खुर्च्यांचं एकच दालन धरतो. महिन्याला भाडं ४० हजार, पाच माणसांचे पगार ७५ हजार, वीज ६० हजार, प्रोजेक्टरचं भाडं आणि देखभाल ३० हजार, किरकोळ २५ हजार. साठ लाखांचं सात वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता लाखाच्या आसपास. सगळं मिळून ३ लाख ३० हजार. प्रत्येक माणसामागे तिकिटाचे ४७-४८ आणि चहा-वडा-पॉपकॉर्नचे निव्वळ १२ धरले तर साठ रुपये होतात. म्हणजे महिन्याला ५,५०० तिकिटं. दिवसाला १८३. चार खेळांत विभागा, एका खेळाला ४६ माणसं.

वर्षाची ६६ हजार तिकिटं. तुमचा तालुका दोन लाखांचा. दर तीन माणसांमागे एकानं वर्षातून एकदा आलं तरी दिवा जळत राहतो. मला स्वतःला हा आकडा बघून आश्चर्य वाटलं होतं, दोनदा गुणाकार करून पाहिला.

परखड यांचा मुद्दाही याच गणितात आहे. ४६ माणसं ही सरासरी झाली. पाच आठवडे सगळे खेळ भरून जातील आणि पुढचे पाच आठवडे एका खेळाला बारा माणसं बसतील. त्यामुळे किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय कुलूप उघडू नका. चुलतभावांकडे तो होता का?

परखड

नव्हता. सगळा पैसा खुर्च्यांत आणि रंगकामात गेला होता. आणि त्यानं साडेचारशे खुर्च्या ठेवल्या होत्या. तीस माणसं एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बसली की त्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं. एसी मात्र साडेचारशेंचाच चालवावा लागायचा.

१२० खुर्च्यांचा हिशेब आधी कुणी मांडून दिला असता तर त्यानं वेगळा विचार केला असता. मी अजूनही घेऊ नका म्हणेन, पण पहिल्याइतक्या ठामपणे नाही.

वऱ्हाडी

मी अमरावतीचा. वडील वितरकाच्या कार्यालयात होते, मीही काही वर्षं तेच केलं. बाहेरच्यांना पटत नाही, पण अमरावती आणि भुसावळ ही एके काळी पिक्चर वाटपाची मोठी ठाणी होती. सी.पी. बेरार सर्किट म्हणतात ते. सर्किट म्हणजे वितरकांनी वाटून घेतलेला इलाखा. विदर्भ त्यात येतो. तुम्ही मुंबई सर्किटमध्ये. मराठवाडा अजूनही निजाम सर्किटमध्ये गणला जातो. निजाम गेला, पण वितरकांच्या वहीतली हद्द तीच राहिली. म्हणून लातूरचा व्यवहार आणि तुमचा व्यवहार सारखा असेलच असं नाही.

वितरकाशी बोलताना तीन गोष्टी पक्क्या करा.

हिस्सा आठवड्यागणिक उतरता मागा. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं मोठं भांडण झालं होतं, दोन महिने नवीन हिंदी पिक्चर लागत नव्हतं. त्यातून ठरलं की पहिल्या आठवड्याला वितरकाचे ५०, मग साडेबेचाळीस, मग साडेसदतीस, मग ३० टक्के. तो करार मल्टिप्लेक्सचा. तालुक्याच्या टॉकीजला कुणी आपणहून तो देणार नाही, मागावा लागतो. मिनिमम गॅरंटीवर, म्हणजे पिक्चर चालो न चालो ठरलेली रक्कम आधी भरून, पिक्चर घेऊ नका, पहिली दोन वर्षं तर अजिबात नको. मोठ्या नटाचं नाव बघून गॅरंटी भरणारे आणि शुक्रवारी रात्री डोकं धरून बसणारे मालक मी फार पाहिलेत.

दुसरं, खेळ. मोठं पिक्चर आलं की वितरक म्हणतो चारही खेळ मलाच द्या. एकच पडदा असला की तुम्ही अडकता. त्याच आठवड्यात एखादं चांगलं मराठी पिक्चर आलं, गावातल्या बायका विचारायला लागल्या, तरी लावता येत नाही. म्हणून एकाऐवजी दोन छोटे पडदे, ऐंशी-ऐंशीचे. कामाला माणसं तितकीच लागतात, तिकीट खिडकी एकच, कॅन्टीन एकच.

आणि तिसरं म्हणजे हिशेब रोज रात्री पाठवा. तालुक्याच्या टॉकीजवाल्यांना वितरक चांगलं पिक्चर द्यायला का कचरतो, तर पूर्वी तिकिटं फाडण्यात चोरी व्हायची. एकच तिकीट दोनदा विकलं जायचं. संगणकाचं तिकीट लावा आणि आकडा स्वतःहून कळवा. सहा महिन्यांत तुमची पत तयार होते. पत तयार झाली की पिक्चर मागावं लागत नाही, फोन येतो.

पश्चिम सातारा

रहिमतपूरची आठवण सांगतो. २०१६ मध्ये 'सैराट' लागला तेव्हा तिथल्या टॉकीजनं रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावला होता. माणसं ट्रॅक्टर घेऊन आली होती. पहाटेच्या खेळाहून परतताना लोक थेट धारा काढायला गोठ्यात शिरले. रहिमतपूर हे काही शहर नव्हे. माणूस येतो. त्याला त्याचं काहीतरी दाखवलं तर पहाटे तीनलाही येतो.

आणि टॉकीज नव्हती तेव्हाही आपल्या भागानं पिक्चर पाहिलंच की. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतलं पिक्चर मी जमिनीवर बसून पाहिलंय. ट्रकवर मशीन, मागे जनरेटर, बाहेर थंडीत भोंग्यावर ओरडणारा माणूस. तंबूच्या कापडाखालून घुसणाऱ्या पोरांत मी होतो.

किनारपट्टी

कोकणातून एक सावधगिरी. आमच्याकडे गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की सगळं भरतं. जून-जुलैत संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तुमच्या भागात पावसाचा प्रश्न तेवढा नाही, पण तुमची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी, माणसं बाहेरगावी असतात ना? ती कधी येतात यावर तुमचं वर्ष ठरेल. हॉल नुसता पिक्चरला ठेवू नका. शाळेची स्नेहसंमेलनं, व्याख्यानं, एकांकिका यांना भाड्यानं देता येईल असा छोटा रंगमंच पडद्यापुढे ठेवा.

आयोवातून

मी जळगावची, दहा वर्षं अमेरिकेत आयोवा राज्यात आहे. इथल्या छोट्या गावांचा अनुभव तुमच्या कामाचा वाटला म्हणून लिहिते.

आमच्यापासून जवळ वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. राजधानी नव्हे, आयोवातलं, सात-साडेसात हजार वस्तीचं. तिथल्या स्टेट थिएटरमध्ये पहिल्यांदा पिक्चर दाखवलं गेलं ते मे १८९७ मध्ये, आणि सलग सर्वांत जास्त काळ चालू असलेलं चित्रपटगृह म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. गावाच्या चौकाजवळची साधी इमारत आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिकीट देणाऱ्या आजींनी मला विचारलं, कुठून आलात, आणि माझं उत्तर ऐकून जागेवरून उठून आतपर्यंत सोडायला आल्या.

मात्र इथेही सगळं आपोआप टिकलेलं नाही. २०१३-१४ च्या सुमारास कंपन्यांनी रिळं पाठवणं बंद केलं, तेव्हा छोट्या गावांना डिजिटल प्रोजेक्टर घेणं भाग पडलं आणि कितीतरी थिएटरं बंद पडली. जी वाचली त्यातली बरीच गावानं वर्गणी काढून वाचवली. काही ठिकाणी गावकऱ्यांची संस्था थिएटर चालवते. तिकीट फाडणारे, पॉपकॉर्न विकणारे सगळे स्वयंसेवक, पगारी माणूस एखादाच. चार खेळांचा आग्रह नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार एवढेच खेळ.

आपल्याकडे गणपती मंडळ, वाचनालय, पतसंस्था हे सगळं लोक मिळून चालवतातच. मग टॉकीजचा बोजा तिघांच्याच डोक्यावर का? शंभर घरांनी प्रत्येकी दहा-दहा हजार घातले तर दहा लाख होतात, आणि शंभर घरं आपली टॉकीज म्हणून येतात. सोमवार ते गुरुवार एकच बाराचा खेळ ठेवा, तेवढी वीज वाचते.

हिशेबनीस

आयोवातून ताई, तीन दिवस पूर्ण आणि चार दिवस एकच खेळ हे मी मांडून पाहिलं. आठवड्याचे २८ खेळ होते, त्याऐवजी १६. विजेत सरळ तिसरा हिस्सा वाचतो, पगारात एक माणूस कमी होतो. वितरक मोठ्या पिक्चरला ऐकणार नाही, पण मधल्या आठवड्यांत हरकत घेणार नाही. लोकांकडून पैसे घेताना मात्र नुसत्या वहीवर घेऊ नका, रीतसर सहकारी संस्था किंवा कंपनी नोंदवा. गावातली मैत्री पैशाच्या कागदाअभावी तुटते.

बांधकाम

इमारतीबद्दल. परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, कायदा १९५३ चा, नियम १९६६ चे. जुना परवाना संपलेला असणार. एका हॉलचे दोन हॉल करणार असाल तर नकाशा नव्यानं मंजूर करून घ्यावा लागेल. सार्वजनिक बांधकाम आणि विद्युत निरीक्षक, दोघांचे दाखले लागतील. आधी बांधून मग दाखवू असं करू नका.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती. माणसं मेली ती बाल्कनीत धुरानं गुदमरून, कारण जास्तीच्या खुर्च्या घालून एका बाजूची वाट बंद केलेली होती. पाच-दहा खुर्च्यांच्या मोहापायी बाहेर पडायची वाट अरुंद करायची नाही. बाहेरची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, खेळ चालू असताना एकाही दाराला कुलूप नाही. फुकट घुसणाऱ्यांच्या भीतीनं दारांना साखळ्या घालणारे मालक मी पाहिलेत. दहा पोरं फुकट घुसली तर घुसू द्या.

छत कशाचं आहे? पत्रा असेल तर तो तोलणाऱ्या कैच्या बघून घ्या. तेरा वर्षं बंद म्हणजे गंज आत असतो.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण काल थोरल्यांकडून किल्ली आणून आम्ही तिघं प्रत्यक्ष आत जाऊन आलो.

पुढचं शटर निघालं नाही, मागच्या दारानं शिरलो. स्टॉलमधल्या खुर्च्यांचा सांगाडा राहिलाय, रेक्झिन उंदरांनी संपवलं. पडद्याच्या खालच्या अंगाला कुणीतरी चाकूनं फाडलंय. बाल्कनी मात्र शाबूत आहे, फरशी कोरडी, भिंतीला ओल नाही. वर केबिनमध्ये रीळवाला काका म्हणाले तशी दोन मशीनं जोडीनं उभी आहेत. रीळ गुंडाळायचं हाताचं चाक अजून फिरतं. कोनाड्यात कार्बनचे तुकडे, बोटभर उरलेले, वर्तमानपत्रात बांधून ठेवलेले. कुणीतरी ते जपून ठेवले होते.

टेबलाच्या खणात रोजच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या. १९९४ पासून २०१२ पर्यंतच्या, मधली तीन वर्षं नाहीत. प्रत्येक पानावर तारीख, पिक्चर, खेळ, मग स्टॉल, बाल्कनी, लेडीज अशा रकान्यांत गेलेली तिकिटं. काल रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही त्या वाचत बसलो. तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंय ते त्यात शाईनं लिहिलेलं आहे.

सोमवारी आमचा बाजार. दर सोमवारी दुपारचा खेळ इतर दिवसांच्या दुप्पट. यात्रेच्या आठवड्यात आणि मे महिन्यात, म्हणजे गलाईवाले घरी आले की, चारही खेळांना तिकिटं संपलेली. किनारपट्टी, तुम्ही न बघता ओळखलंत. लेडीजचा रकाना १९९४-९५ ला रोज साठ-सत्तर. २००० च्या पुढे तो वीसवर येतो. २००६ नंतर कितीतरी पानांवर तिथे नुसती आडवी रेघ आहे. पुरुषांचा आकडा त्या वर्षांत अजून ठीक दिसतो, तो तीन-चार वर्षांनी पडला. गौरीची आई, आधी बायका गेल्या, मग टॉकीज गेली. आमच्याच गावच्या वहीत आहे हे. माझी आई त्या रेघांतली एक.

मागच्या बाजूला लेडीज बाथरूम आहे. त्यात चुन्याच्या गोण्या नाहीत, तुटक्या खुर्च्या आहेत. दाराला कडी नाही.

आमचं तिघांचं असं ठरलंय. स्टॉलला हात लावायचा नाही, तो भाग थोरल्यांनी गाळ्यांना वापरावा, त्यांचंही उत्पन्न निघेल. आम्ही बाल्कनी आणि तिच्यापुढचा भाग घेऊन एक ९० चा हॉल आधी करायचा. दुसऱ्या पडद्याची जागा नकाशात मंजूर करून घ्यायची, बांधायचं नंतर. तिकीट ८० आणि १००. शंभर घरांचं आयोवातून ताईंनी सांगितलं ते मी हॉटेलवाल्या मित्राच्या काउंटरवर सहज बोलून पाहिलं. चहा संपेपर्यंत नऊ जण तयार झाले, त्यातला एक रिक्षावाला आहे.

परखड दादा, तुमच्या भावाचा नंबर व्यक्तिगत निरोपात द्याल का? त्यांचं काय चुकलं ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. हवं तर मी तिकडे येऊन भेटतो.

परखड

निरोप टाकलाय. तो बोलेल. त्यानं प्रोजेक्टरवाल्यांशी केलेला करारही जपून ठेवलाय, तो वाचून घ्या, त्यात मधेच सोडायची अट फार वाईट होती. तुम्ही तशी सही करू नका.

रीळवाला

माणदेशी, ती दोन मशीनं भंगारात घालू नका. नवा प्रोजेक्टर शेजारी बसेल, जागा भरपूर असते. मी आता ७१ चा आहे, पण हात अजून चालतात. एखादं जुनं रीळ मिळालं तर ती चालवून दाखवीन, पोरांना बघू द्या. बोलवा, एस.टी.नं येतो.

माणदेशी

काका, नक्की बोलावतो. स्टँडवर घ्यायला मी स्वतः येईन.

बांधकाम दादा, छत पत्र्याचंच आहे, कैच्या लोखंडी. मिस्त्री सोमवारी बघायला येतोय. त्या दिवशी बाजार, त्यामुळे तो दुपारनंतरच मोकळा होईल. फोटो रात्री टाकतो.